आधी वही बघू द्या: पुण्यात पाणी आणि ज्येष्ठांच्या संरक्षणावर लक्ष ठेवायला सुरुवात कशी करावी

"गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने." हे वाक्य पुण्यात इतकं मुरलंय की पेपरात ते वाचताना डोळेही धड उघडत नाहीत. आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी बुधवारी रात्रीच भरून ठेवतात: दोन कळशा, एक मोठं पातेलं, न्हाणीतलं पिंप. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी पाणी आलंच नाही. शनिवारीही नाही. रविवारी सकाळी दुधाच्या दोन पिशव्या दाराला तशाच लटकलेल्या दिसल्या म्हणून वर गेलो, तर आजी पलंगावर, पाय सुजलेला, ओठ कोरडे. खालच्या बोअरचं पाणी आणायला निघाल्या होत्या, जिन्यात पाय मुरगळला आणि "कशाला उगाच कुणाला त्रास" म्हणून गप्प पडून राहिल्या.

त्या दोन दिवसांत दोन सरकारी वह्यांत काहीतरी लिहिलं जायला हवं होतं. पाणी खात्याच्या वहीत, की या भागाची टाकी भरली नाही. आणि पोलीस ठाण्याच्या वहीत, की इथे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ बाई आहेत आणि महिन्याची भेट बाकी आहे. दोन्हीकडे कोरं होतं. नागरिकांची देखरेख म्हणजे मोर्चा, निवेदन, फोटो असं वाटत असेल तर थोडं थांबा. आम्ही चार-पाच जण गेल्या दोन वर्षांत जे शिकलो ते इतकंच, की प्रत्येक खात्यात एक वही असते, ती कुठली हे माहीत करून घ्यायचं आणि ती बघायला मागायची. नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी ते खाली लिहितो.

पहिलं काम: हद्द

"पुण्यात राहतो" एवढ्याने भागत नाही. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे बाहेर काढली गेली. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आणि तिचं पाणी मुख्यतः पवनेचं. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा कारभार वेगळा. पोलिसांचं तर तिसरंच: पुणे शहर आयुक्तालय, २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, आणि उरलेलं पुणे ग्रामीण. ज्येष्ठांचे दावे ऐकणारे प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, महसूल खात्याच्या हद्दीने चालतात.

या हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. म्हणून कागदाच्या एका तुकड्यावर चार ओळी लिहून काढा: पाणी कोण देतं, कुठलं क्षेत्रीय कार्यालय, कुठलं पोलीस ठाणं, कुठले प्रांत. शेवटची ओळ भरायला तहसील कार्यालयात एक चक्कर पडेल. ती मारा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो आणि आपण मात्र "काहीच होत नाही" म्हणत बसतो.

दुसरं काम: स्वतःची वही

शंभर पानी, रेघांची, साधी. मोबाईलमध्ये नोंदी ठेवल्या तरी हरकत नाही, पण वही टेबलावर ठेवली की समोरच्या साहेबाचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव. डाव्या पानावर तारीख आणि काय दिसलं. उजव्या पानावर कुणाला कळवलं, तक्रार क्रमांक, काय उत्तर आलं. मत लिहायचं नाही. "पुन्हा नालायकपणा" ही नोंद नाही, "६.१० ला आलं, ६.३५ ला गेलं" ही नोंद आहे.

पाणी: काय मोजायचं

वेळ ही सगळ्यात सोपी गोष्ट. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे सोसायटीच्या खालच्या टाकीवर बघायचं. घरच्या नळाला वरच्या टाकीचं पाणी येतं, त्यावरून काहीच कळत नाही. नवीन माणूस हमखास इथे चुकतो.

दाबासाठी दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरतं. महापालिकेच्या थेट नळाखाली बादली किती सेकंदांत भरते ते आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी लिहा. चाळीस सेकंदांची दोन मिनिटं व्हायला लागली की वर कुठेतरी काहीतरी बदललंय: गळती, नवीन जोड, नाहीतर व्हॉल्व्ह अर्धाच उघडलेला.

इमारतीला मीटर असेल तर हिशोब आणखी पक्का होतो. समजा २४ घरं, ८४ माणसं. चोवीस तासांत मीटर ९ ने पुढे सरकला, म्हणजे ९,००० लिटर आले. भागिले ८४, माणशी १०७ लिटर. शहरी पुरवठ्याचं सर्वसाधारण प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. "आम्हाला पाणी कमी येतं" आणि "आम्हाला सलग पंधरा दिवस माणशी १०७ लिटर येतं" या दोन वाक्यांना उत्तरं वेगवेगळी मिळतात. टँकर आला तर तोही लिहा: तारीख, किती लिटरचा, पैसे कुणी भरले, पाणी कुठून भरून आणलं. शेवटच्या प्रश्नावर टँकरवाला बहुधा हसतो. "हसला" असं लिहायला हरकत नाही.

आता शुद्धता. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) रुग्ण वाढले आणि पाण्यावर संशय गेला, तेव्हा शहरातल्या अनेकांनी पहिल्यांदाच 'क्लोरीन किती आहे' हा प्रश्न विचारला. गावाकडच्या आरोग्यसेवकांना मात्र क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट वर्षानुवर्षं ठाऊक आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात तो संच मिळतो. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे सांगितले तेवढे थेंब टाकायचे, हलवायचं, आणि रंग लगेच शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे; पिवळा जितका गडद तितका क्लोरीन जास्त. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. ते रसायन विषारी आहे. हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी ओतून द्या, आणि मुलांच्या प्रयोगाची हौस इथे भागवू नका.

पहिल्यांदा आम्ही ही चाचणी केली तेव्हा तीन नळ्या फिक्या पिवळ्या झाल्या आणि चौथी तशीच राहिली, पांढरी स्वच्छ. लगेच आरडाओरडा करणार होतो. मग लक्षात आलं की ते पाणी एका काकांनी माठातून आणलं होतं. नमुना नेहमी थेट महापालिकेच्या नळाचा आणि पाणी वाहतं असताना घ्यायचा. पाणी आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांचा एक, आणि अर्ध्या तासानंतरचा एक, असे दोन घेतलेत तर उत्तम. रिकाम्या पाइपात बाहेरचा दाब जास्त होतो, फट असेल तिथून शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत ओढलं जातं आणि ती घाण पहिल्या पाण्याबरोबर आपल्या टाकीत येते. दिवसाआड किंवा ठरावीक तासच पुरवठा असला की हा धोका राहतोच.

रंग आला नाही म्हणजे पाणी दूषित, असं मात्र जाहीर करून टाकू नका. त्याचा अर्थ इतकाच की संरक्षण उरलेलं नाही, आता जंतूंची तपासणी हवी. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही आहेत. बाटली त्यांचीच निर्जंतुक केलेली घ्यायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू सापडता कामा नयेत, ही ओळ आधी बघा. बाकीचे आकडे नंतर.

तक्रार करताना पीएमसी केअर ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या आणि क्रमांक वहीत उतरवा. दोन दिवसांनी पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला फोन करायचा तो त्या क्रमांकासकट. तिथे दाद लागली नाही तर उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, हे उशिरा कळून आमचा एक महिना वाया गेला.

पाणी वरून कमी की खालून?

हे कळल्याशिवाय भांडण कुणाशी तेच ठरत नाही. खडकवासला साखळीत चार धरणं: पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खुद्द खडकवासला. चौघांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी, त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. वरच्या तिघांतून पाणी खडकवासल्यात सोडतात, तिथून शहराला आणि कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. धरणं जलसंपदा विभागाची, नळ महापालिकेचे. शहराने किती उचलायचं यावर दोघांची दरवर्षी खडाजंगी होते. शेतीला आवर्तन किती, शहराला किती, हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या कालवा सल्लागार समितीत ठरतं. त्या बैठकीच्या बातम्या कापून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यातली कपात तिथे आधीच दिसते. ठोक पाण्याचे दर आणि वाटपाचे वाद महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे जातात. हे प्राधिकरण २००५ च्या कायद्याने आलं, आणि दर ठरवताना ते लोकांच्या हरकती-सूचना मागवतं. तांत्रिक भाषेला घाबरू नका. पुण्यातल्याच 'प्रयास'सारख्या संस्थेने या विषयावर बरंच सोपं करून लिहिलंय.

धरण भरलेलं असूनही तुमच्याकडे पाणी नसेल तर कारण खाली आहे. पर्वती, वारजे, वडगाव, लष्कर अशी जलकेंद्रं, पूर्व भागाला भामा आसखेडचं पाणी, मग तुमच्या भागाची टाकी, मग व्हॉल्व्ह. एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: "आमची गल्ली कुठल्या टाकीवर आहे आणि ती टाकी रोज किती फूट भरते?" टाकीवर पातळीची नोंद होते. समान पाणीपुरवठा योजनेत नव्या टाक्या उभ्या राहिल्या, मीटर बसले. टाकी बांधून झाली एवढ्यावर समाधान मानू नका, ती भरते का ते बघा.

आणि पाणी सोडणाऱ्या माणसाशी ओळख ठेवा. पहाटे चार वाजता लोखंडी चावी घेऊन सायकलवर येणारा तो गडी अभियंत्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला चहा पाजा, पण त्याचं नाव कुठल्याही तक्रारीत लिहू नका. व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे तो ठरवत नसतो आणि बदली मात्र त्याचीच होते.

कागद मागण्याची कला

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा ऑनलाइन. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथे थांबावं लागतं. म्हणून पहिला अर्ज नीट लिहिण्यातच शहाणपण.

नवख्याचा अर्ज असा असतो: "आमच्या भागात पाणी का येत नाही व याला जबाबदार कोण?" उत्तर येतं, "प्रश्नार्थक माहिती देय नाही," आणि अर्ज निकाली. 'का' आणि 'कोण' विसरा, नोंद मागा. आम्ही दुसऱ्या खेपेला लिहिलं ते असं: "अमुक टाकीच्या पाणीपातळीच्या नोंदवहीची १ ते ३० एप्रिल या काळातील पानांची प्रमाणित प्रत मिळावी. तसेच याच काळात या टाकीवरील भागातून घेतलेल्या पाणी नमुन्यांच्या तपासणी अहवालांची प्रत मिळावी." सतरा पानं आली, पानाला दोन रुपये. त्यात आमच्या त्या शुक्रवार-शनिवारसारख्या दिवसांपुढे पातळीच्या जागी फक्त आडवी रेघ होती. ती रेघ हाच आमचा पुरावा ठरला.

प्रती मागण्याआधी कागद डोळ्यांनी बघण्याचा हक्कही आहे, पहिल्या तासाला पैसे नाहीत. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फाइली बघू देण्याची प्रथा सुरू केली होती, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती सगळ्या महापालिकांना आणि जिल्हा कार्यालयांना लागू केली. निघण्याआधी त्या कार्यालयात फोन करून वेळ विचारून घ्या. नसेल तर रीतसर अर्ज करून पाहणी मागा. एकट्याला बिचकायला होत असेल तर शहरात सजग नागरिक मंचासारखे लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. त्यांच्या मासिक सभेला मागच्या खुर्चीत जाऊन बसा आणि ऐका.

ज्येष्ठांच्या बाजूला वळताना

इथे एक फरक डोक्यात पक्का ठेवा. पाण्याच्या तक्रारीत चूक झाली तर आपलं हसं होतं. इथे चूक झाली तर एखाद्या आजोबांना रात्री त्याच मुलाच्या घरात झोपायचं असतं. म्हणून कुणी आत्ता संकटात असेल तर वही बाजूला ठेवा आणि ११२ लावा. मारहाण नाही पण उपेक्षा आहे, सल्ला हवाय, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. पुणे पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही ज्येष्ठांचं ऐकून घेतात. आणि त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिच्या नावाने काहीही करायचं नाही.

पाया आहे तो माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण याविषयीचा २००७ चा कायदा, आणि त्याखाली महाराष्ट्राने २०१० साली केलेले नियम. साठ पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ. मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूलबाळ नसेल तर मालमत्तेचा वारस ठरणाऱ्या नातेवाइकाविरुद्धही करता येतो. महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह मिळू शकतो. स्वतः अर्ज करणं शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि त्यांची बाजू मांडायला निर्वाह अधिकारी आहे. "आम्हाला सांभाळशील" या अटीवर घर नावावर करून दिलं आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर लिहून घ्या, असं आम्ही ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रत्येक बैठकीत सांगतो आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं, "माझा मुलगा तसा नाही हो." नसेलही. अट लिहा.

देखरेखीला उपयोगी पडणारा आकडा म्हणजे ९०. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्वाहाचा अर्ज निकाली काढायचा, अपवाद म्हणून आणखी ३०. तेव्हा माहिती अधिकारात नावं मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. मागायचं ते असं: गेल्या आर्थिक वर्षात या न्यायाधिकरणाकडे अर्ज किती आले, ९० दिवसांत किती निकाली निघाले, वर्षअखेर प्रलंबित किती, आणि दिलेल्या आदेशांपैकी अंमलबजावणीसाठी पुन्हा किती जण आले. चौथा प्रश्न विसरू नका. आदेश निघतो, दोन महिने पैसे येतात, तिसऱ्या महिन्यात थांबतात, आणि म्हातारं माणूस परत पायऱ्या चढायला तयार नसतं. प्रांतांच्या निर्णयावर ज्येष्ठांना ६० दिवसांत अपील करता येतं, तेही अनेकांना ठाऊक नसतं. पैशाअभावी वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे.

वृद्धाश्रमांबद्दल थोडक्यातच सांगतो. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचं एक गृह, असं कायद्यात आहे, पण शब्द 'स्थापन करू शकेल' असा आहे. 'करील' नाही. भाषणात कुणी या कलमाचा हवाला दिला की हे आठवा. खासगी आश्रमात जायचं तर आधी कळवून, खाऊ न नेता, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या वेळी जा, तेव्हा लोक बोलतात. रात्री कोण असतं, डॉक्टर कुठल्या वारी येतो, औषधांची वही कोण लिहितं, अनामत रकमेची पावती मिळते का, हे विचारा. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बघा. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, हा प्रश्न मी कधी चुकवत नाही. फोटो काढू नका. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांना हेच लागू: कुलूप कधी उघडतं, प्यायचं पाणी आहे का, स्वच्छतागृह चालू आहे का. दुरुस्तीसारखी छोटी कामं नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात सुचवता येतात. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे आणि अर्ज भरायची मुदत पावसाळ्याच्या आसपास जाहीर होते.

ठाण्यातली यादी

२०१० च्या नियमांतला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी वाचला गेलेला भाग पोलिसांबद्दल आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवायची. शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवक बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटायचं. ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची वेगळी नोंदवही ठेवायची, आणि ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवायची. याद्यांतली नावं गुप्तच राहायला हवीत. पण यादी आहे का, किती नावं आहेत, शेवटची कधी सुधारली, भेटी झाल्या का, एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही तिघं गेलो ते एका मंगळवारी सकाळी अकराला. सोमवार बंदोबस्ताचा आणि शनिवार कोर्टाच्या कागदांचा, असं एका निवृत्त हवालदारांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ठाणे अंमलदारांना नियमाची झेरॉक्स दाखवली. ते वाचून म्हणाले, "हे आहे होय?" मग आतून एक हवालदार निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले. आम्ही नावांवर हात ठेवायला सांगितलं आणि बाकीचे रकाने बघितले. भेटीच्या रकान्यात तीन महिन्यांच्या तारखा होत्या. तिन्ही महिने एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात, आणि एका अशा इमारतीच्या पत्त्यापुढे तर भेट झाल्याची नोंद होती, जी पाडून तिथे वर्षभरापूर्वीच पुनर्विकासाचं काम सुरू झालं होतं.

इथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे तिथेच मोबाईल काढून गवगवा करणं. आम्ही तो घेतला नाही आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. हवालदार आमच्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, आम्ही बीटवर दोघं. इमारती किती ते तुम्ही मोजा. यादी करून द्या ना तुम्हीच." नियमातला स्वयंसेवक नेमका याचसाठी आहे. आम्ही ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना लेखी पत्र दिलं: भेटीच्या नोंदी आणि पत्ते जुळत नाहीत, यादी नव्याने करावी, आमच्या तीन गल्ल्यांपुरती मदत करायला तयार आहोत. पोच घेतली. एक प्रत सहायक आयुक्तांना पाठवली. दीड महिना काही नाही. मग एक स्मरणपत्र, मग फोन आला.

यादी करताना नियम आम्ही स्वतःच घातले, ते तुम्हालाही सुचवतो. दारावर दोघांनी जायचं, त्यातली एक बाई हवीच. लेखी होकार असल्याशिवाय नाव नाही. दागिने, बँक, भाडेकरू यांबद्दल एक अक्षर नाही. कागद ठाण्यात दिला की आपली प्रत फाडायची. इमारतीच्या ग्रुपवर तर काहीच नाही, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची पत्त्यासकट यादी चोराच्या हाती पडली तर आपणच त्याचं काम सोपं केलेलं असतं.

आमच्या आजींनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. "मी एकटी आहे हे गावाला सांगताय होय?" दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, कोण कोण ती उघडणार ते विचारून घेतलं आणि मग सही केली. पुढच्या आठवड्यात हवालदार खरंच आले. जिना चढून दमले होते, आजींनी त्यांना आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आणि हेही लिहा, गुरुवारी पाणी नसतं आणि शुक्रवारी नऊनंतर येतं." हवालदारांनी रकाने वाचले: नाव, वय, पत्ता, नातेवाइकाचा फोन, आजार. पाण्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि 'शेरा' खाली बारीक अक्षरात लिहिलं, "शुक्रवारी फोन करणे."